बारा पिल्लं, नऊ कोंबड्या आणि एकच भांडं

३ मार्च, मंगळवार

सकाळी साडेनऊला हॅचरीवाला आला. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. आत बारा पिल्लं, तीन आठवड्यांची, अर्धी पिसं फुटलेली. ऑर्डर हिने दिली होती, जानेवारीत. मी म्हणालो, त्या आता नाहीत. तो म्हणाला, अरेरे, मग सही तुम्ही करा. केली.

परत पाठवता आली असती. पण ऑर्डर लेखी होती. लेखी ऑर्डर मोडणं माझ्या स्वभावात नाही. दुसरं काही कारण नाही.

पिल्लं न्हाणीघरात ठेवली. परसात हिच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहेच. म्हणजे एकूण बावीस तोंडं. ही गेल्यालाही आज बावीसच दिवस झाले. मी मोजत नाही. आकडा सहज लक्षात आला.

दुपारी मुलीचा फोन. बाबा, त्या कोंबड्या देऊन टाका, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे या, खोली रिकामी करून ठेवली आहे. मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, आईच्या चष्म्याचा नंबर बदलायचं तुम्ही चार वर्षं बघत होतात. शेवटी तडजोड ठरली. २९ तारखेला, रविवारी, ती येणार. त्या दिवशी बाराही पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एका जागी नीट खाताना दिसल्या तर कोंबड्या राहतील आणि मीही राहीन. नाहीतर कोंबड्या जातील आणि मी बॅग भरायची.

सव्वीस दिवस आहेत. भरपूर झाले. कोंबड्याच तर आहेत.

४ मार्च, बुधवार

दिवसभर विचार केला. पद्धत ठरली.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारात जी भांडणं पाहिली ती सगळी खोट्या मापामुळे. माप खरं असेल तर कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. (मासेवाल्याने मला दोन किलोचं वजन फेकून मारलं होतं, ते माप खरं होतं. पण तो अपवाद.)

म्हणून: एकच खाद्य, एकच लांब भांडं, एकच वेळ. मोठ्यांना दर डोई एकशे दहा ग्रॅम, पिल्लांना पस्तीस. भांड्यावर खडूने खुणा केल्या. आपला वाटा कुठला ते प्रत्येकाला समजलं की तक्रारीला जागा उरत नाही.

हिच्याकडे अशी काही पद्धत नव्हती. ती दोन मुठी इकडे, दोन मुठी तिकडे टाकायची आणि तोंडाने काहीतरी आवाज काढायची. मला तो आवाज येत नाही. मी टाळी वाजवतो. पळून जातात. होईल सवय.

कोंबड्यांना तिने नावं ठेवली होती. मी कधी लक्ष दिलं नाही. काम चालावं म्हणून सगळ्यांत मोठ्या तांबड्या कोंबडीला मी हेडबाई म्हणतो आणि कोंबड्याला साहेब. बाकीच्यांचं नंतर बघू.

५ मार्च, गुरुवार

सकाळी ७.०० प्रवेश.
७.०४ प्रवेश रद्द.

साहेब भांड्यात दोन्ही पायांनी उभा राहिला. खडूच्या खुणा कोणी पाहिल्या नाहीत. हेडबाई सरळ पिल्लांकडे चालत गेली, धावत नाही, चालत, वर्गात शिरावी तशी. एकाच्या डोक्यावर चोच मारली. मग त्याच जागी पुन्हा. टाळूची कातडी सोलून निघाली. बाकीच्या आठजणी बघायला आल्या आणि बघण्यावर थांबल्या नाहीत.

मी फावडं घेऊन मध्ये पडलो तोवर एक गेलं होतं. उरलेली अकरा माझ्या पायजम्यात आणि पायजम्याखाली घुसली.

आजच्या दिवसाकडे ओळख परेड म्हणून पाहायचं. पहिल्याच परेडमध्ये सगळं जमेल अशी माझीही अपेक्षा नव्हती.

पिल्लू लिंबाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा अर्धा फूट खोल.

६ मार्च, शुक्रवार

पलीकडच्या घरात टेलरबाई राहतात. हिची मैत्रीण. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून दुपार दुपार बोलायच्या. कशाबद्दल, ते मला माहीत नाही.

आज त्या भिंतीवरून म्हणाल्या, भाऊजी, काल कापाकापी ऐकू आली. मी म्हणालो, थोडी गडबड झाली. त्या म्हणाल्या, अहो, पिल्लांचं ताट वेगळं ठेवायचं, मोठ्यांचं तोंड पोचणार नाही असं. ताई काय करायच्या, बघितलं नाहीत? शिवाय मोठ्यांचं ते अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, त्यात चुना असतो भरपूर. पिल्लांच्या पोटाला तो सोसत नाही.

मी म्हणालो, बघतो. आत आलो.

ऐकीव गोष्टी. पोत्यावर छापलेलं आहे, 'संपूर्ण संतुलित आहार'. संपूर्ण म्हणजे संपूर्ण.

तोवर पिल्लं न्हाणीघरात, मोठ्या परसात. पण खाद्य एकच. तत्त्व सोडलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

मी गेले सात दिवस बादलीने अंगणातल्या नळावर अंघोळ करतो. हवा छान असते.

दोन पिल्लं मान टाकून बसली आहेत. सुरुवातीला मला वाटलं, शिस्तीला विरोध.

११ मार्च, बुधवार

जनावरांचे डॉक्टर आले. तरुण आहेत, पण बोलायला फटकळ. पिल्लू उलटं केलं, पोट चाचपलं, भांड्यातलं खाद्य बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाले, या पिल्लांना हे खाद्य कोणी दिलं? मी म्हणालो, चौकशी करतो.

ते म्हणाले, घरात दुसरं कोण आहे? मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

मग जरा हळू बोलले. म्हणाले, काका, दाणा त्यांच्या चोचीला मोठा पडतो, ती उपाशी आहेत. आणि यातला चुना आणखी महिनाभर पोटात गेला असता तर मूत्रपिंडं बसली असती. उलटं करा. पिल्लांचं खाद्य मोठ्यांनी खाल्लं तर काही होत नाही. सगळ्यांना तेच द्या, आणि मोठ्यांना अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तेवढा त्या स्वतः खातात.

म्हणजे एकच खाद्य! माझं तत्त्व बरोबरच होतं. फक्त खाद्य दुसरं होतं.

दोनांतलं एक पिल्लू दुपारी गेलं. दुसरं उठून बसलं. शिल्लक दहा.

१३ मार्च, शुक्रवार

पिल्लांचं खाद्य मोठ्यांना फार आवडलं. इतकं, की न्हाणीघराचं दार उघडं राहिलं तेव्हा हेडबाई आत शिरली आणि पिल्लांना बादलीमागे कोंबून त्यांचंही खाल्लं. एका पिल्लाचा डावा डोळा गेला. आता डोळ्याच्या जागी काळी खपली आहे. ते अजून चांगलं पळतं, मात्र गोल गोल.

मी हेडबाईला बाहेर काढत होतो तेव्हा साहेब मागून आला. दोन्ही पाय जोडून उडी मारतो. पायाचा काटा माझ्या पोटरीत बोटाच्या पेरभर गेला. मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून स्वयंपाकघरापर्यंत आलो. याला माघार म्हणता येणार नाही. जागा बदलली.

उद्यापासून स्कूटरचं हेल्मेट आणि हिचे रबरी बूट घालून परसात जायचं. बूट दोन नंबर लहान आहेत. टाच वरच राहते.

१४ मार्च, शनिवार

हेल्मेट घालून खाद्य घातलं. टेलरबाई भिंतीशी होत्या. म्हणाल्या, भाऊजी, चंद्रावर निघालात का? काच खाली असल्यामुळे मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१५ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोज.

सकाळी दुसरी परेड. मी मध्ये काठी घेऊन उभा. नियम असा, की जी कोंबडी पिल्लाकडे मान वळवेल तिला काठीचा नुसता स्पर्श करायचा. हेडबाईने मान वळवली. स्पर्श केला. तिने पुन्हा वळवली. एकडोळ्या पिल्लाची मान चोचीत धरली आणि झटका दिला.

स्पर्श जरा जोरात झाला.

तिच्या शेपटीखाली कातडी फाटली आणि रक्त आलं. फार नाही, चमचाभर. मला वाटलं, बरं झालं, लक्षात राहील. बाकीच्या आठजणी खायच्या थांबल्या. लाल रंगाकडे बघत राहिल्या. मग पांढऱ्या बारकीने जाऊन तिथे एक चोच मारली. हेडबाई वळली, तेवढ्यात दुसरीने मागून मारली. मग सगळ्या.

मी काठीने मारत होतो. कोणाला लागतंय ते बघत नव्हतो. काठी मोडली. हेडबाई भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली, आणि त्यांनी मागून तिची आतडी बाहेर ओढली. ती उभीच होती. आवाज न करता. वर्ग सुटेपर्यंत उभं राहायची शिक्षा झाल्यासारखी.

शेवटचं मी केलं. मान धरून. एका झटक्यात होत नाही, पुस्तकात लिहितात तसं. तीन लागले.

टेलरबाई भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, ती ताईंच्या मांडीवर बसायची हो, त्या भाजी निवडत असल्या की. आणि तिचं नाव सांगितलं.

नाव इथे लिहीत नाही.

पिल्लं दहाची दहा आहेत. आकडेवारीत आजचा दिवस चांगला गेला.

१७ मार्च, मंगळवार

वर्गाला आता नवीन हेडबाई आहे. पांढरी बारकी, तीच. जुनी बरी होती. ती मारायची ते खाण्यासाठी. ही खाऊन झाल्यावर मारते.

दुपारी पिल्लांना थोडा वेळ परसात सोडलं होतं. पाण्याच्या घमेल्यात दोन पिल्लं तरंगताना सापडली. मी दारातून पाहिलं होतं, पांढरी काठावर उभी राहून त्यांची डोकी खाली दाबत होती. हेल्मेट सापडेपर्यंत उशीर झाला. हेल्मेट डोक्यावरच होतं.

शिल्लक आठ.

संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, कसं चाललंय? मी म्हणालो, प्रगती आहे. किती आहेत पिल्लं? मी म्हणालो, बाराच्या आसपास. ती म्हणाली, आसपास म्हणजे काय? तुम्ही तर दुधाच्या लिटरमध्ये पाच मिली कमी निघालं म्हणून माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं दुकान बंद केलं होतं.

मी म्हणालो, बारा.

एकतीस वर्षांत असं केलं नव्हतं. पण आकडा दुरुस्त करता आला की तो खोटा राहत नाही. उद्या हॅचरीत जातो.

१८ मार्च, बुधवार

चार पिल्लं आणली. रंग तोच. वयाने मात्र लहान, तीन आठवड्यांचीच. हॅचरीवाला म्हणाला, बाईंच्या ऑर्डरीतली मेली का? मी म्हणालो, विस्तार करतोय.

नवीन चारांना जुन्या आठांबरोबर न्हाणीघरात सोडलं. इथे काही अडचण नाही. या आठांनी मार खाल्लेला आहे. दुखणं काय असतं ते त्यांना माहीत आहे. ती लहानांना सांभाळून घेतील.

संध्याकाळी ५. पुन्हा आठ.

एकडोळं सगळ्यांत पुढे होतं. नेमकं डोळ्यावर मारत होतं. कुठे मारायचं हे त्याला कोणी शिकवलं, ते सांगायला नको.

लिंबाखाली आता जागा नाही. पेरूखाली सुरुवात केली.

२० मार्च, शुक्रवार

टेलरबाई आज भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही बोलत नाही, ठीक आहे, तुमचा स्वभाव. मी सांगते तेवढं नुसतं ऐका. परसाचा एक कोपरा फळ्यांनी बंद करा. फळीत पिल्लू आत जाईल एवढंच भोक. पिल्लांचं खाणंपिणं आत. मोठ्यांचं बाहेर, टांगून, त्यांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे पिल्लांचं तोंड तिथे पोचत नाही. पळायचं झालं की पिल्लं भोकातून आत. आठ दिवसांत मोठ्यांना त्यांची सवय होते. पण भोकं दोन ठेवा. एक असलं की आत सापडतात.

मी म्हणालो, बघतो.

त्या म्हणाल्या, बघा. ताईपण म्हणायच्या, हे नुसतं बघतात.

कल्पना वाईट नाही. माझ्याच डोक्यात होती, शब्द त्यांनी दिले. दोन भोकं मात्र नाहीत. दोन ठिकाणी नियंत्रण राहत नाही.

२१ मार्च, शनिवार

आजचा दिवस माझ्या कामाचा. कॅलिपर काढला. आठही पिल्लांच्या छातीची रुंदी मोजली, तीन तीन वेळा, सरासरी काढली. सगळ्यांत जाड पिल्लू पाच पूर्णांक दोन सेंटिमीटर. पांढरीला पकडून मोजलं (अंगठ्याला दोन टाके). साडेसहा. भोक पाच पूर्णांक पाच ठेवलं. कड कानशीने घासली. चूक अर्धा मिलिमीटरच्या आत. जुन्या सवयीने फळीवर तारीख घालून सही केली.

संध्याकाळी ५.३०. पिल्लं आत. खाद्य खातात. पांढरीने भोकात डोकं घातलं, खांदे अडकले, बाहेर काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा अडकले. मी खुर्ची टाकून बसलो आणि हे वीस मिनिटं पाहिलं.

फार दिवसांनी भूक लागली.

२४ मार्च, मंगळवार

तीन दिवसांत एकही मृत्यू नाही. पिल्लं बाहेर येतात, मोठ्या मारायला धावतात, पिल्लं आत. नुसती धावपळ, रक्त नाही. न्हाणीघर धुऊन काढलं. गरम पाण्याने आंघोळ केली.

मुलीला स्वतःहून फोन केला. सांगितलं, रविवारी ये आणि बघ. ती म्हणाली, बाबा, तुमचा आवाज वेगळा येतोय. मी म्हणालो, लाइन चांगली आहे.

आठ म्हणजे बारा नाहीत, हे तिला आल्यावर समजावून सांगता येईल. शांतपणे खाणारी आठ बघितल्यावर माणूस मोजत बसत नाही. मी बसलो असतो. ती माझ्यावर गेलेली नाही.

सकाळी खाद्य घालताना तोंडाने हिच्यासारखा आवाज काढून पाहिला. कोणी आजूबाजूला नव्हतं. साहेबाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अंगावर आला.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी सर्वांत जाड पिल्लू पळत आलं आणि भोकात अडकलं. पुढचा अर्धा भाग आत, मागचा बाहेर.

मी दात घासत होतो. आवाज ऐकून आलो तेव्हा बाहेर आठजणी अर्धवर्तुळात होत्या. आतला अर्धा अजून पंख फडफडवत होता. डोळे उघडे होते. बाहेर काही उरलं नव्हतं.

आतली बाकीची सात, रस्ता बंद म्हणून, त्याच्या डोक्यावर चोची मारत होती.

कॅलिपर आणून मोजलं. भोक पाच पूर्णांक पाच. केसभरही हललेलं नाही. पिल्लू पाच दिवसांत पाच पूर्णांक नऊ झालं होतं.

मोजमाप बरोबर होतं. पिल्लं वाढली.

हे लक्षात घ्यायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. किलोचं वजन आठवड्याने सव्वा किलो होत नाही. माझा सगळा अनुभव तसल्या वस्तूंचा.

२७ मार्च, शुक्रवार

भोक साडेसहा केलं. पांढरीपण साडेसहा.

आत शिरली. दुसरं भोक नव्हतं.

फळ्या पायाने मोडून काढेपर्यंत दोन गेली. एक भिंतीवर चिरडलेलं, एक चोचीत. शिल्लक पाच. त्यांत एकडोळं आहे. ते मरत नाही.

टेलरबाई घरातच होत्या. त्यांचं मशीन चालू होतं, ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

२८ मार्च, शनिवार

फळ्या मोडल्या आहेत. नवीन करायला वेळ नाही. उद्या मुलगी.

सकाळी खाद्य घातलं. पाच पिल्लं कोपऱ्यात, आठजणी आणि साहेब समोर. मी मध्ये. हातात नवी काठी होती. उचलली. पांढरी नेम धरून उभी होती, मला एक फटका पुरला असता. मग बाकीच्यांनी तिचं काय केलं असतं तेही माहीत होतं.

काठी खाली टाकली. दुसरं काही सुचलं नाही. पिल्लांवर ओणवा झालो. हात आणि गुडघे जमिनीवर, पिल्लं पोटाखाली. खाद्याचं भांडं छातीखाली ओढलं.

पिल्लं खाऊ लागली.

मोठ्या पाठीवर चढल्या. चोची मारल्या. साहेबाने दोन वेळा कमरेत काटा घातला. हेल्मेटची कड पिल्लांना लागत होती म्हणून ते आधीच फेकलं होतं, त्यामुळे कान उघडे राहिले. पांढरीने उजव्या कानाची पाळी धरली आणि सोडली नाही. सात-आठ मिनिटांनी त्या कंटाळल्या. बाहेर सांडलेलं खाऊ लागल्या.

म्हणजे पंचवीस दिवसांत प्रथमच सगळ्यांनी एका वेळी, एका जागी, एकच खाद्य खाल्लं. एकूण वीस मिनिटं.

पद्धत सापडली. दिवसातून दोनदा, वीस वीस मिनिटं. पिल्लं मोठी होईपर्यंत दोन महिने. गुडघ्याखाली उशी घेता येईल. मान थोडी आत घेतली तर कान वाचेल. अशक्य असं काही नाही.

मुलीला हे दिसता कामा नये. योजना: ती अकराला येईल. साडेदहाला ओणवं व्हायचं, दहा पन्नासला उठायचं, हात धुऊन दारात उभं राहायचं. पोट भरलेली कोंबडी अर्धा तास शांत असते. अर्धा तास पुरेल.

२९ मार्च, रविवार

सकाळी १०.३० ठरल्याप्रमाणे सुरुवात. उशी घेतली. पिल्लं पाचही आत.

मुलगी १०.४० ला आली. जन्मात पहिल्यांदा वेळेआधी.

पुढचं दार उघडंच होतं. ती थेट परसात आली असावी. मला तिच्या चपला दिसल्या. पाठीवर तीन कोंबड्या होत्या, त्यामुळे मान वर करता येत नव्हती. कानातून रक्त गळत होतं, ते भांड्यात पडू नये म्हणून डोकं एका बाजूला धरलं होतं.

चपला हलल्या नाहीत. मग ती म्हणाली, बाबा, माझ्यासाठी तुम्ही कधी घोडा झाला नाहीत.

मी म्हणालो, अजून दहा मिनिटं.

ती पायरीवर बसली. पर्स मांडीवर घेऊन. पांढरी तिच्या दिशेने गेली तेव्हा तिने पाय वर घेतले, एवढंच. दहा मिनिटं झाल्यावर मी उठायला लागलो, उठता येईना. तिने काखेत हात घालून उठवलं. तिचे हात आईसारखे आहेत, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, पाहिलं नव्हतं.

तिने पिल्लं मोजली. पाच. मी म्हणालो, बाराच्या. 'आसपास' हा शब्द गिळला. तिने पेरूखालची माती पाहिली, लिंबाखालची पाहिली. विचारलं, आणि ती तांबडी? आईची? मी सांगितलं. सगळं. काठीचंपण. तिने ऐकून घेतलं.

मग ती रडली. मला वाटलं कोंबडीसाठी. ती म्हणाली, तुम्ही त्या दिवशी दवाखान्यातपण असेच उभे होतात, फॉर्म भरत. मला वाटलं, तुम्हाला काही वाटतच नाही.

मी म्हणालो, फॉर्म कोणीतरी भरायला हवा होता.

ती म्हणाली, हो.

ठरलं ते असं. मी इथेच राहायचं. ती म्हणाली, यायचं तर कधीही या, ओढून नेणार नाही. कोंबड्या मात्र आजच जाणार. मी म्हणालो, अटीप्रमाणे एक तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. ती म्हणाली, बाबा, आरशात कान बघा.

बघितला. अर्धी पाळी नाही.

तिने भिंतीवरून टेलरबाईंना हाक मारली. दोघी हळू आवाजात बोलल्या. टेलरबाईंनी त्यांच्या बाजूचं फाटक उघडलं आणि तोंडाने तो आवाज काढला. हिचा. अगदी तोच. आणि मग एकेकीचं नाव घेतलं. एकेक कोंबडी मान वर करून निघाली आणि रांगेत फाटकातून गेली, पांढरीसुद्धा. तिचं नाव फुलाचं आहे. साहेबाचं नाव ऐकून मुलीला हसू आलं. माझंच होतं.

पिल्लं टोपलीतून नेली.

२६ दिवसांचा प्रयोग एकंदरीत यशस्वी. एकत्र खाऊ शकतात हे सिद्ध झालं. वीस मिनिटं.

३० मार्च, सोमवार

सहाला जाग आली. काही काम नव्हतं.

पलीकडून आवाज येत होता. भांडणाचा नाही, खाण्याचा. टेलरबाईंनी भिंतीवरून सांगितलं, कोपऱ्यात दोन टोपल्या पालथ्या घातल्या, कडा विटांवर ठेवून, खाली पिल्लांचं खाणं, चारही बाजूंनी आत-बाहेर करतात. पांढरीने एकदा धरलं एकाला, मी चप्पल फेकली, गप्प बसली. मी विचारलं, फट किती ठेवलीत? त्या म्हणाल्या, बघितलं नाही हो. पिल्लू गेलं, कोंबडी नाही गेली, झालं.

मी म्हणालो, बरं.

त्या म्हणाल्या, येऊन जा बघायला. मी म्हणालो, येतो. बघतो म्हणालो नाही. पण गेलो नाही.

एकतीस वर्षं मी म्हणत आलो, की माणसं मापात मार खातात. हिला एकदा विचारलं असतं, तू कसं घालतेस, तर तिने दोन वाक्यांत सांगितलं असतं. तिने शिकवलं नाही अशी माझी तक्रार आहे. मी विचारलं नाही अशी तिची असेल. ती जिवंत असताना दोघांनीही नोंदवली नाही.

रिकामं खुराडं झाडलं. पिसं पोत्यात भरली. डॉक्टरांकडे (माणसांच्या) जाऊन कानाची पट्टी बदलून आलो.

दुपारी जेवलो. ताट घासलं आणि पालथं घातलं.